परचेस, मेंटेनन्स आणि अकाउंट्समधून बदल घडवणारी माणसं कशी तयार करावीत

चाकण, वाळूज किंवा शिरोलीच्या पट्ट्यातल्या मध्यम कंपनीत 'सामाजिक आणि पर्यावरणीय नेतृत्व' या नावाखाली जे प्रशिक्षण होतं, ते ठरलेल्या साच्याचं असतं. हॉटेलात दोन दिवस, बाहेरून आलेला वक्ता, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या, शेवटी ग्रुप फोटो. सोमवारी परचेसचा माणूस वेंडरचे भाव तीन टक्क्यांनी पाडायला बसतो आणि मेंटेनन्सचा माणूस ब्रेकडाउनच्या मागे धावतो.

कंपनीची वीज, पाणी, धूर, अपघात आणि मजुरी ठरते ती परचेस ऑर्डरमध्ये, ड्रॉइंगवर, मेंटेनन्सच्या वेळापत्रकात आणि ठेकेदाराच्या बिलात. हे कागद ज्यांच्या टेबलावर येतात, त्यांच्यातल्या काहींना एक खरा प्रश्न, थोडा पैसा आणि अप्रेझलमध्ये जागा द्या. वर्षभर तो प्रश्न रेटताना माणूस तयार होतो. वर्गात शिकवायचं ते त्या कामाच्या ओघात शिकवायचं.

पुढचा आराखडा ५०० ते ३००० माणसांच्या, दोन-तीन प्लांट असलेल्या उत्पादन कंपनीसाठी आहे. माणसं बारा, गट चार, मुदत बारा महिने. कंपनी लहान असेल तर एकच गट घ्या, पण गटात तीन वेगवेगळ्या खात्यांची माणसं असावीत ही अट सोडू नका.

सुरुवातीआधी लेखी घ्यायच्या गोष्टी

पहिली गोष्ट पैसा. तो सीएसआरच्या (कंपनीच्या सामाजिक जबाबदारीसाठीच्या खर्चाच्या) डोक्यावर टाकू नका. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ज्यांची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एखादी मर्यादा गाठते, त्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करावी लागते, हे सगळ्यांना माहीत असतं. नियमांनी काय वगळलंय ते मात्र फार कमी जण वाचतात. कंपनीच्या नेहमीच्या धंद्याच्या ओघात केलेलं काम सीएसआरमध्ये धरता येत नाही. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं कामही चालत नाही, आणि इतर कायद्याने मुळातच बंधनकारक असलेलं कामही नाही. म्हणजे कॉम्प्रेसरच्या गळत्या, वेंडरकडची प्रेस (पत्रा दाबून पार्ट काढणारं यंत्र) किंवा कंत्राटी कामगारांची कँटीन सीएसआरच्या पैशातून सुधारायला गेलात तर ऑडिटर आक्षेप घेईल. त्याहून वाईट म्हणजे प्रश्न धंद्याबाहेर ढकलला जाईल आणि त्यावर काम करणारा माणूसही.

पैसा महसुली खर्चातून वेगळा काढा. चार गटांसाठी ४० लाख पुरतात. प्रत्येक गटाला सुरुवातीला २ लाख, म्हणजे ८ लाख. हे गटप्रमुखाच्या सहीने, परचेस कमिटीत न जाता खर्च करता आले पाहिजेत. पहिल्या तपासणीतून पुढे जाणाऱ्या दोन गटांना प्रत्येकी १५ लाखांपर्यंत, म्हणजे ३० लाख. उरलेले २ लाख भाड्याच्या मीटरसाठी, प्रवासासाठी, वेंडरकडच्या चाचण्यांसाठी. २ लाखांची सही हा सगळ्या आराखड्यातला नाजूक भाग आहे. ती दिली नाही तर पहिले तीन महिने १८ हजारांच्या फ्लो मीटरच्या मंजुरीत जातात आणि माणूस शिकतो ते एवढंच, की इथे काही होत नाही.

दुसरा मार्ग अंतर्गत कार्बन किमतीचा. महिंद्रा अँड महिंद्राने २०१६ मध्ये उत्सर्जनाच्या टनाला १० डॉलर अशी किंमत स्वतःवर लावून घेतली. प्रत्येक प्लांटच्या उत्सर्जनावर अशी आकारणी करून तो पैसा एका निधीत वळवायचा, की दरवर्षी बजेटमध्ये भीक मागावी लागत नाही. मात्र पहिल्याच वर्षी हे करू नका. आकारणीवरून प्लांट हेडशी भांडणात वेळ जाईल.

दुसरी गोष्ट केआरए, म्हणजे अप्रेझलसाठी ठरवलेली वर्षाची उद्दिष्टं. बाराही जणांच्या त्या वर्षाच्या केआरएमध्ये या कामाला १५ टक्के वजन हवं आणि, हे लोक विसरतात, त्यांच्या थेट साहेबाच्या केआरएमध्ये ५ टक्के. साहेबाला काही मिळणार नसेल तर तो या कामासाठी राखलेल्या गुरुवारी दुपारी हमखास तातडीची मीटिंग लावतो. वेळही लेखी ठरवा: आठवड्यातली एक दुपार, चार तास, म्हणजे कामाच्या वेळेचा सुमारे बारावा हिस्सा. थ्रीएम कंपनीत १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनेवर घालवण्याची मुभा १९४८ पासून आहे, पण ती संशोधन करणाऱ्यांसाठी जमते. शिफ्ट चालवणाऱ्याला 'जमेल तेव्हा' सांगितलं तर कधीच जमत नाही. त्याच्या जागी त्या चार तासांत कोण उभं राहणार, त्याचं नाव कागदावर हवं.

तिसरी गोष्ट पाठीराखा. एमडी किंवा ऑपरेशन्सचा प्रमुख, दुसरा कुणी नाही. त्याने महिन्याला एक तास द्यायचा आणि दोन खात्यांचं जमत नसेल तर ४८ तासांत निकाल द्यायचा. एवढंच काम, पण तेवढं हवंच.

आधी प्रश्न, मग माणसं

बहुतेक ठिकाणी क्रम उलटा असतो. एचआर 'हाय पोटेन्शियल' यादीतली माणसं उचलतं आणि त्यांना सांगतं, आता प्रश्न शोधा. मग ते झाडं लावतात, नाहीतर प्लास्टिकच्या बाटल्या बंद करतात.

प्रश्न शोधायला एक आठवडा पुरतो. मागच्या तीन वर्षांची वीजबिलं, टँकरची बिलं, भंगाराची वही, घातक कचरा नेणाऱ्याच्या पावत्या, अपघाताची नोंदवही, किरकोळ जखमांची प्रथमोपचाराची वही, ठेकेदारांचे मस्टर आणि दहा मोठ्या वेंडरांची रिजेक्शनची आकडेवारी एका खोलीत मागवा. प्रथमोपचाराची वही काळजीपूर्वक वाचा; अपघाताच्या नोंदवहीत जे नसतं ते तिच्यात असतं. मग तिन्ही शिफ्टमध्ये फिरा, एकदा तरी रात्री दोन वाजता.

प्रश्न चांगला आहे का, हे ओळखायला मी चार गोष्टी पाहतो. तो आकड्यात मांडता येतो का? तो किमान तीन खात्यांत अडकलेला आहे का? (एकाच खात्यात सुटत असेल तर ते कायझन आहे, म्हणजे रोजची छोटी सुधारणा, त्यासाठी क्वालिटी सर्कल आहेच.) सहा महिन्यांत एका लाइनवर, एका वेंडरकडे करून पाहता येतो का? आणि तो सुटला तर पैसा, नियम किंवा ग्राहक यांपैकी कुणाला तरी फरक पडतो का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आता पूर्वीपेक्षा सहज मिळतं. बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीचा बीआरएसआर (कंपनीची सामाजिक-पर्यावरणीय जबाबदारी आणि शाश्वतता यांचा) अहवाल सक्तीचा आहे आणि त्यातल्या निवडक आकड्यांची तपासणी २०२३-२४ पासून पहिल्या १५० कंपन्यांपासून टप्प्याटप्प्याने वाढत गेली आहे. तुम्ही सूचीबद्ध नसाल तरी तुमचा ग्राहक असतो आणि त्याची प्रश्नावली येते. युरोपला बोल्ट-स्क्रू पाठवणाऱ्यांना तिथल्या कार्बन सीमाकराची (आयात मालामागच्या उत्सर्जनावरच्या आकारणीची) नोंद ऑक्टोबर २०२३ पासून द्यावी लागली, आणि प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा जानेवारी २०२६ पासून आहे.

प्रश्नाची भाषा शॉपफ्लोअरवर कळेल अशी ठेवा. 'पुरवठा साखळीचं शाश्वत रूपांतर' यावर कुणी काम करू शकत नाही. 'आपले पार्ट बनवणाऱ्या वेंडरांच्या प्रेसवर बोटं जाणं थांबवायचं' यावर करू शकतं.

कुणाला घ्यायचं

सहा ते पंधरा वर्षं अनुभवाची, लाइनवर किंवा लाइनला लागून असलेल्या खात्यातली माणसं घ्या. बारा जणांत परचेसचे दोन, मेंटेनन्सचे दोन, अकाउंट्सचा किमान एक, कंत्राटी कामगार हाताळणारा एचआरचा एक, वेंडर क्वालिटीचा एक, डिझाइन किंवा टूलरूमचा एक, बाकी प्रोडक्शन आणि स्टोअर. डिप्लोमावाले सुपरवायझर हवेतच. इंग्रजीत सादरीकरण छान करणारा आणि काम तडीस नेणारा ही बहुधा दोन वेगळी माणसं असतात, म्हणून अर्ज एका पानाचा आणि कुठल्याही भाषेत घ्या.

मुलाखतीत 'तुमचं व्हिजन काय' विचारू नका. विचारा: "तुमच्या हाताखाली नसलेल्या माणसाकडून तुम्ही शेवटचं काय करून घेतलं? कसं?" खरं करणारा माणूस नावं, तारखा, अडचणी सांगतो. मग स्टोअरकीपरला, युनियनच्या प्रतिनिधीला आणि एखाद्या जुन्या वेंडरला विचारा, या माणसाचा शब्द चालतो का. ही चौकशी मुलाखतीपेक्षा जास्त सांगते.

बायकांच्या बाबतीत एक नेहमीची चूक होते. त्यांना सामाजिक प्रश्नाच्या गटात घालतात आणि ऊर्जेचा गट पुरुषांचा होतो. असं होऊ देऊ नका.

पहिले तीन महिने: मोजायचं, बोलायचं नाही

या काळात उपाय सुचवायला बंदी ठेवा. गटाने फक्त आजची स्थिती मोजायची. अर्ध्या कल्पना इथेच गळतात, आणि ते बरंच आहे.

कॉम्प्रेस्ड एअरचं उदाहरण घ्या. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सगळी मशिन बंद, कॉम्प्रेसर चालू. तो किती वेळ लोडवर जातो (हवा भरतो) आणि किती वेळ अनलोडवर राहतो (नुसता फिरतो) हे घड्याळ लावून दहा वेळा नोंदवायचं. लोडवर सरासरी दीड मिनिट आणि अनलोडवर साडेचार मिनिटं आली तर सहापैकी दीड, म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या २५ टक्के हवा गळतीत जाते आहे. हवा कुणीच वापरत नसताना. (व्हेरिएबल स्पीडचा कॉम्प्रेसर असेल तर ही पद्धत चालत नाही, फ्लो मीटर लावावा लागतो.) सात बार दाबावर ३ मिलिमीटरच्या एका भोकातून साधारण साडेतीन किलोवॅट वीज वाया जाते. वर्षाचे ६००० तास धरले तर २१ हजार युनिट. युनिटला ९ रुपये धरले तर १ लाख ८९ हजार रुपये, आणि ग्रिडच्या विजेचं उत्सर्जन युनिटला ०.७ किलो धरलं तर जवळपास १५ टन कार्बन डायऑक्साइड. एका भोकाचं हे गणित मेंटेनन्सच्या सुपरवायझरने स्वतः मांडलं की त्याला पुन्हा कुणी 'संवेदनशील' करावं लागत नाही.

आधारभूत आकडा नेहमी उत्पादनाशी जोडून घ्या: टनामागे युनिट, नगामागे लिटर. नुसती वीज मोजली आणि ऑर्डर कमी झाल्या तर गट बचतीचा दावा करेल आणि अकाउंट्सचा माणूस तो पाच मिनिटांत फाडेल. किमान बारा महिन्यांचा जुना डेटा हवा. उन्हाळ्यात चिलर जास्त चालतो, पावसाळ्यात वाळू ओली असते. तीन महिन्यांच्या सरासरीत ऋतूच मोजला जातो.

सामाजिक प्रश्नात मोजणी जास्त अवघड असते, कारण माणसं साहेबासमोर खरं बोलत नाहीत. कामगारांशी बोलायचं तर सुपरवायझर, ठेकेदार, मुकादम कुणीही जवळ नको. जागा कारखान्याबाहेरची, चहाची टपरी किंवा भाड्याची खोली. दोघांनी जायचं, लिहून एकानेच घ्यायचं, नाव कुणाचंच नाही. 'सुरक्षा आहे का' या प्रश्नाला 'हो' हेच उत्तर येतं. 'काल शिफ्टमध्ये किती नग काढले, किती सांगितले होते, कमी पडले तर काय होतं' असं विचारलं की सगळं बाहेर येतं.

शिकवण्याचे दिवस वर्षभरात सहाच ठेवा आणि गरजेच्या आदल्या आठवड्यात: मोजणी आणि आधारभूत आकडा; कामगारांशी बोलणं; परतावा काळ (घातलेला पैसा किती काळात परत येतो) आणि नफा-तोटा वाचणं; नियम आणि बीआरएसआर; दोन पानी टिपण लिहिणं; आणि दुसऱ्या खात्याच्या हरकतींना तोंड देणं. परतावा काळाचा दिवस बाहेरच्या तज्ज्ञाने घेऊ नये, तुमच्याच कंपनीच्या अकाउंट्सप्रमुखाने घ्यावा. म्हणजे तो कोणते आकडे मानतो हे गटाला आधीच कळतं.

एक प्रश्न पूर्ण उलगडून: वेंडरकडची प्रेस

या कामात माणूस कसा तयार होतो हे दाखवायला वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीतला बोटांच्या अपघातांचा प्रश्न सगळ्यात चांगला. सेफ इन इंडिया ही संस्था हरियाणा आणि महाराष्ट्रासह वाहन पट्ट्यांतल्या अशा जखमांची नोंद अनेक वर्षं प्रसिद्ध करते आहे. अपघात दुसऱ्या-तिसऱ्या पातळीच्या लहान शेडमध्ये होतात, मोठ्या कंपनीच्या आवारात नव्हे. म्हणून मोठ्या कंपनीच्या नोंदवहीत शून्य दिसतो.

गट सुरुवातीला हमखास म्हणतो: लाइट कर्टन, म्हणजे हात आत गेला की मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा, बसवू. इथे पहिला धडा. लहान शेडमधल्या बऱ्याच जुन्या प्रेस पिन किंवा की क्लचच्या असतात. अशी प्रेस एकदा सुटली की फेरी पूर्ण करूनच थांबते, मध्ये थांबवता येत नाही. तिच्यावर लाइट कर्टन लावला तर हात आत गेल्याचं त्याला कळेल, पण रॅम (प्रेसचा दट्ट्या) खाली येतच राहील. पैसे गेले आणि कामगाराला खोटा धीर मिळाला, दोन्ही नुकसान. लाइट कर्टन चालतो तो न्युमॅटिक फ्रिक्शन क्लच आणि ब्रेक असलेल्या प्रेसवर, तोही थांबण्याचा वेळ मोजून त्याप्रमाणे अंतर ठेवलं तर. पिन क्लचवर उपाय वेगळे: डायला (पार्टला आकार देणाऱ्या साच्याला) चारही बाजूंनी बंदिस्त गार्ड, स्ट्रिप आत सरकवायला चॅनेल, नग बाहेर काढायला एअर इजेक्शन, आणि उघड्या फटी ६ मिलिमीटरपेक्षा कमी. पिन झिजली की प्रेस आपोआप दुसरा स्ट्रोक मारते. त्यासाठी अँटी-रिपीट यंत्रणा आणि पिन बदलण्याचं वेळापत्रक.

दुसरा धडा दोन हातांच्या बटणांचा. बसवल्यावर महिन्याभरात एका बटणावर चिकटपट्टी किंवा रबर दिसतं. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबली तरच चालणारं आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सोडावी लागणारं सर्किट घेतलं तर ती युक्ती चालत नाही. पण गटाने चिकटपट्टी का लागली हे विचारायला हवं. उत्तर पीस रेटमध्ये असतं: दोन बटणांनी तासाला नग कमी निघतात आणि मजुरी नगावर असते.

मग तिसरा धडा, आणि खरा. वेंडर विचारतो, गार्डचे पैसे कोण देणार? परचेसच्या केआरएमध्ये दरवर्षी तीन टक्के भावकपात असते. त्यामुळे वेंडर सुरक्षेत पैसे घालू शकत नाही, आणि हे सगळ्यांना माहीत असतं. गटात परचेसचा माणूस आहे तो याच क्षणासाठी. त्याने गणित मांडायचं: डाय बहुतेक वेळा ग्राहक कंपनीचीच असते, गार्ड आणि फीडचा खर्च एका डायला ६० हजार धरला आणि डायचं उरलेलं आयुष्य ६ लाख नग धरलं, तर नगामागे १० पैसे. हे १० पैसे टूलिंगच्या खर्चात वेगळे दाखवून द्यायचे, भावकपातीच्या हिशोबातून बाहेर. नवीन डायच्या ड्रॉइंगवर गार्ड छापूनच पाठवायचा. आणि गार्ड काढलेला दिसला तर ऑर्डर थांबवण्याचा अधिकार वेंडर क्वालिटीच्या माणसाला, परचेसला विचारल्याशिवाय.

या प्रवासात टूलरूमच्या माणसाला मजुरी कळते, परचेसच्या माणसाला क्लच कळतो, अकाउंट्सला कळतं की 'स्वस्त' भावात कुणाच्या बोटाची किंमत लपलेली आहे.

सोबत दोन गोष्टी न चुकता कराव्यात. वेंडरच्या कामगारांची ईएसआयसी (कामगार राज्य विमा) नोंदणी रुजू झाल्याच्या तारखेशी ताडून पाहा. अपघातानंतर घाईने नाव घालण्याचे प्रकार घडतात. आणि अपघात कळवणाऱ्या वेंडरला शिक्षा करू नका. पहिल्या वर्षी नोंदलेले अपघात वाढले तर तो बहुधा नोंद सुधारल्याचा परिणाम असतो. हे एमडीला पहिल्याच महिन्यात लिहून द्या, नाहीतर आठव्या महिन्यात तोच आलेख तुमच्याविरुद्ध जाईल.

पायलट आणि तपासणी

चौथ्या महिन्याच्या सुरुवातीला पहिली तपासणी. समोर एमडी, अकाउंट्सप्रमुख, एक प्लांट हेड आणि बाहेरचा एक जण, शक्यतो ग्राहक कंपनीतला. स्लाइड नकोत. दोन पानी टिपण तीन दिवस आधी द्यायचं: प्रश्न काय, आजचा आकडा किती आणि तो कसा मोजला, कुणाचं काय जातं, कुठे करून पाहणार, किती पैसे, आणि कोणता आकडा आला तर आम्ही स्वतःहून बंद करू. शेवटचं वाक्य नसेल तर टिपण परत पाठवा.

चारपैकी दोन गट इथे थांबले पाहिजेत. थांबलेल्या गटाला अप्रेझलमध्ये पूर्ण गुण द्या, जर मोजणी नीट असेल तर. बंद करणं ही हार मानली गेली तर दुसऱ्या वर्षीपासून सगळे गट आकडे सजवतील. थांबलेली माणसं पुढे गेलेल्या दोन गटांत वाटून घ्या. पायलटला, म्हणजे छोट्या प्रमाणावरच्या चाचणीला, हात लागतातच.

पायलटसाठी सगळ्यात चांगली लाइन, सगळ्यात हुशार ऑपरेटर आणि सगळ्यात गोड वेंडर निवडण्याचा मोह आवरा. मधला निवडा. आणि वाईट ऋतू पायलटमध्ये आला पाहिजे. कोल्हापूर भागातल्या फाउंड्रीत वापरलेली फ्युरान वाळू (राळेने बांधलेली साच्याची वाळू) पुन्हा वापरण्याचा प्रयोग मार्च ते मे असा केला तर छान दिसतो. जुलैत दमट हवेने मोल्ड कडक व्हायला वेळ लागतो आणि सगळे म्हणतात, पुन्हा वापरलेली वाळूच वाईट. रिक्लेम केलेल्या वाळूचा 'लॉस ऑन इग्निशन' (तापवल्यावर जळून जाणारा भाग) रोज मोजायचा. तो तीन टक्क्यांच्या आसपास गेला की कास्टिंगमध्ये गॅसचे दोष वाढायला लागतात. तो आकडा नोंदवलेला नसेल तर दोष कशामुळे आला यावर नुसता वाद होतो.

पायलटमध्ये लोक तुमच्या कल्पनेचं काय करतात ते बघा. व्होडाफोनच्या निक ह्यूज आणि सुझी लोनी यांनी केनियात २००५ मध्ये मोबाइलवरून पैशांचा प्रयोग सुरू केला तो सूक्ष्म कर्जाचे हप्ते फेडण्यासाठी. लोक मात्र एकमेकांना पैसे पाठवायला तो वापरू लागले, आणि २००७ मध्ये एम-पेसा बाजारात आलं ते त्याच रूपात. सुरुवातीचा पैसा निम्मा ब्रिटिश सरकारच्या आव्हान निधीतून आला होता, म्हणून कंपनीतल्या जास्त नफ्याच्या प्रकल्पांशी त्याला पहिल्याच दिवशी झुंजावं लागलं नाही. तुमचा २ लाखांचा निधी हेच काम छोट्या प्रमाणावर करतो.

खात्यांची भिंत किती वेळ खाते याचा अंदाज यायला टाटा स्वच्छ पाहा. भाताच्या तुसाच्या राखेवर आधारलेला पाण्याचा फिल्टर पुण्यात टीसीएसच्या संशोधन केंद्रात आकाराला आला, 'सुजल' या रूपात २००४ च्या त्सुनामीनंतर मदतकार्यात वापरला गेला, आणि बाजारात आला डिसेंबर २००९ मध्ये. दरम्यान टाटा केमिकल्स आणि टायटनचीही साथ घ्यावी लागली. एकाच समूहात, वरून पाठिंबा असूनही पाच वर्षं. तुमच्या बारा महिन्यांत नवीन उत्पादन उभं राहील अशी आशा कुणाला दाखवू नका. या मुदतीत प्रक्रिया, खरेदीची अट, ड्रॉइंग आणि कामाची पद्धत बदलते.

शेवटचे चार महिने

आठव्या महिन्याची दुसरी तपासणी झाली की गटाचं काम बदलतं. आता जे जमलं ते कंपनीच्या कागदात घुसवायचं: एसओपी (कामाची ठरलेली लेखी पद्धत), रेट कॉन्ट्रॅक्टची अट, ड्रॉइंगची नवीन आवृत्ती, मेंटेनन्सच्या चेकलिस्टची ओळ, ईआरपीमधला (कंपनीच्या संगणक प्रणालीतला) सक्तीचा रकाना. हे कंटाळवाणं असतं आणि याच टप्प्यावर सगळ्यात जास्त गळती होते, कारण टाळ्या आधीच वाजून गेलेल्या असतात. म्हणून पारितोषिक, बातमी, लिंक्डइनवरचं छायाचित्र, काहीही बाराव्या महिन्याआधी नको.

या काळात नेहमी अडणाऱ्या जागा:

- बचत कुणाच्या खात्यात दाखवायची यावर मेंटेनन्स आणि प्रोडक्शन भांडतात, किंवा दोघंही तीच बचत दाखवतात. पहिल्या दिवशीच अकाउंट्सकडून एकच जागा ठरवून घ्या.
- गटप्रमुखाची बदली किंवा बढती होते. बढतीला हरकत नाही, पण बारा महिने पूर्ण होईपर्यंत गुरुवारची दुपार त्याचीच राहील हे बदलीच्या पत्रात लिहावं.
- सल्लागार बोलावला जातो आणि टिपण तो लिहितो. मोजणीला, चाचणीला बाहेरचा तज्ज्ञ घ्या; लिहिणं आणि एमडीसमोर बसणं गटानेच.
- सीएसआर किंवा सस्टेनेबिलिटी खातं काम 'आपल्या छत्राखाली' घेऊ बघतं. त्यांना आकडे द्या, मालकी देऊ नका.
- युनियनला उशिरा कळतं. लाइनवरची माणसं कमी होण्याची शंका जरी येण्यासारखी असेल तरी पहिल्या महिन्यातच बोला, आणि या कामामुळे कुणाला काढणार नाही हे एमडीने लेखी द्यावं. देता येत नसेल तर तो प्रश्न घेऊ नका.

पुढची तुकडी

दुसरी तुकडी तारखेवर सुरू करू नका. पहिल्या तुकडीचे किमान दोन बदल कागदात उतरले आणि मूळ माणूस बाजूला झाल्यावर तीन महिने टिकले, मग सुरू करा. पहिल्या बारांमधले चार जण पुढच्या चार गटांचे मार्गदर्शक. त्यांनाही केआरएमध्ये ५ टक्के वजन.

कार्यक्रम चालला का हे दोन वर्षांनी बघायचं. किती जणांना प्रशिक्षण दिलं हा आकडा बीआरएसआरच्या तक्त्यासाठी ठेवा. तुम्ही विचारा: त्या बारांपैकी किती जण अजून लाइनच्या कामात आहेत आणि त्यांचा अधिकार वाढला आहे का? किती एसओपी अजून पाळल्या जातात, आणि हे कागदावर न बघता रात्रीच्या शिफ्टला जाऊन? नवीन प्लांट हेड निवडताना हे काम केलेल्या माणसाचं नाव चर्चेत आलं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सलग दोन निवडींत 'नाही' असेल तर तिसरी तुकडी थांबवा आणि आधी बढतीच्या निकषांवर एमडीशी बसा. चांगली माणसं तोपर्यंत नोकरीसाठी दुसरीकडे विचारायला लागलेली असतात. त्यांच्या राजीनाम्याच्या मुलाखती स्वतः घ्या, एचआरच्या फॉर्मवर सोडू नका.